हरलो तरच नफा

फुटबॉलचा क्लब विकत घेऊन आजवर कुणी श्रीमंत झालंय का, हा प्रश्न वहिनींनी शेठना पहिल्याच दिवशी विचारला होता. शेठनी उत्तरही तिथल्या तिथे दिलं होतं, "क्लब वाईट नाही गं, चालवणारे वाईट होते." हेच वाक्य त्यांनी याआधी एक जुना टेम्पो घेताना म्हटलं होतं. तो टेम्पो अजून दुकानामागे उभा आहे आणि त्यात मांजरांची तिसरी पिढी वाढते आहे.

शेठ म्हणजे फरशीच्या दुकानाचे मालक, आणि वहिनी त्यांची बायको. दुकानातल्या हमालापासून क्लबच्या गोलकीपरपर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.

तर क्लब. चौथ्या दर्जाच्या लीगमधला, म्हणजे जिथून आणखी खाली जायला जागाच नाही अशा लीगमधला. एकतीस वर्षांत नववा नंबर ही सगळ्यात मोठी मर्दुमकी. एक मैदान, एका बाजूला सहा पायऱ्यांचा स्टँड, पत्र्याची तिकीटखिडकी, चहाचं काउंटर, आणि कपडे बदलायची एक खोली, जिला दार होतं पण कडी नव्हती. आधीचा मालक या सगळ्याला इतका विटला होता की त्याने क्लब एका नाण्याला विकला. खरंच, एका नाण्याला! कागदावर तसं लिहिलेलं आहे. पहिली ओळ, किंमत एक नाणं. दुसरी ओळ, क्लबची सगळी देणी घेणाऱ्याच्या माथी. शेठ पहिली ओळ वाचून नाचत घरी आले. वहिनींनी दुसरी वाचली आणि कपाळाला हात लावला.

वहिनींना राग येणारच. दुकानावर एक मजला चढवायचा, तिथे नळ, बेसिनं, शॉवर मांडायचे, गिऱ्हाइकाने खाली फरशी घ्यावी आणि वर येऊन बाकीचं घ्यावं, हे त्या बारा वर्षं म्हणत होत्या. नकाशा तयार होता. पैसे पै पै करून बाजूला पडत होते. त्यात हे नवं खेळणं.

"तीन सीझन," वहिनी म्हणाल्या. "तिसऱ्या सीझनच्या शेवटी क्लब नफ्यात असला, अगदी एका फरशीच्या किमतीइतका का होईना, तर खुशाल ठेवा. नसला तर विकायचा. आणि तेव्हा तोंड पाडून बसायचं नाही."

"मंजूर," शेठ म्हणाले.

या माणसात खोडी शंभर, पण दिलेला शब्द फिरवणं त्याच्या रक्तात नाही, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी अट घातली.

आता तुम्ही म्हणाल, असल्या क्लबला मिळकत कुठून येते? चार ठिकाणांहून येते आणि चाळीस ठिकाणी जाते. तिकिटं, चहा, कडेने लावलेल्या जाहिरातींचे बोर्ड, आणि एरवीच्या दिवशी शाळांना, ऑफिसांच्या टीमना मैदान भाड्याने. जायला मात्र खेळाडू आहेत, बस आहे, रेफरी आहे, धुलाई आहे, चेंडू आहेत. गवताचं तर विचारूच नका. खत घातलं की ते वाढतं, वाढलं की कापायला माणूस लागतो. म्हणजे आपणच पैसे मोजून आपला खर्च वाढवायचा! वहिनींना हे गणित तीन वर्षांत पटलं नाही.

तिकीटखिडकीवर त्या स्वतः बसू लागल्या, कारण आधीचा तिकीटवाला ओळखीच्यांना फुकट सोडायचा आणि त्याची ओळख गावभर होती. पहिल्या रविवारी वहिनी नाक मुरडून बसल्या. पत्रा तापायचा, खुर्चीचा एक पाय आखूड. पण महिन्याभरात त्यांना कळलं की निळ्या टोपीचे आजोबा सुटे पैसे मोजूनच आणतात, नर्सबाई ड्यूटी संपवून हाफटाइमला पोचते आणि तरी पूर्ण तिकीट काढते, आणि ते दोघे भाऊ एकमेकांशी अबोला धरून एकाच पायरीवर बसतात. वर्षभरात रविवार आला की वहिनी सकाळपासून घड्याळ बघू लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, "बसावं लागतं बाई, नाहीतर हे सगळं गाव फुकटात आत घालतील."

पहिल्या वर्षी तोटा झाला. दुसऱ्या वर्षी कमी झाला. तिसऱ्या वर्षी, शेवटची मॅच चार दिवसांवर असताना, वहिनींनी बेरीज केली आणि चष्मा पुसून पुन्हा केली. क्लब नफ्यात होता! फार नाही, चार पेट्या फरशी येईल इतकाच. पण नफा तो नफा.

वहिनींना आनंद झाला, आणि आनंद झाला याचं जरा आश्चर्यही वाटलं. वरून आणखी गंमत म्हणजे टीम लीगमध्ये दुसरी होती. रविवारी पहिल्या नंबरच्या टीमशी घरच्या मैदानावर मॅच. जिंकली तर थेट वरच्या लीगमध्ये. बरोबरी झाली किंवा हरली तर आहे तिथेच.

गुरुवारी दुपारी दुकानाच्या माळ्यावर जेवताना त्यांनी शेठना ही बेरीज दाखवली. शेठनी डबा बाजूला सारला.

"काय झालं? नफा झालाय हो! तुमचा क्लब राहिला!"

"हरलो तर राहील," शेठ म्हणाले.

"म्हणजे?"

शेठनी खाली दुकानाच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे मोटारसायकलचं चित्र लावलेलं आहे, उन्हाने फिकट झालेलं. दुकानाची जुनी स्कीम. जो गवंडी वर्षात पाचशे पेट्या खपवेल त्याला मोटारसायकल. पेटीमागे दलाली बाजारात मिळते त्याच्या निम्मी, पण चित्र मोठं. नऊ वर्षांत तीनशेच्या वर कुणी गेलेलं नाही. गवंडी चित्राकडे बघतात, हसतात, आणि निम्म्या दलालीवर काम करतात.

"तुम्ही खेळाडूंना स्कीम लावलीत?"

"पगार निम्मा," शेठ पुटपुटले. "आणि टीम वरच्या लीगमध्ये गेली तर प्रत्येकाला दीड वर्षाचा पगार एकरकमी. अगं, एकतीस वर्षांत नववा नंबर! मला काय माहीत?"

मोठी चूक इथेच होती, आणि ती फरशीवालाच करू जाणे. गवंडी एकटा असतो. त्याला मोटारसायकल दाखवा, तो चित्र बघून घरी जातो. पण अठरा जणांना एकाच स्कीममध्ये बांधलं की एक झोपला तर सतरा जण त्याला उठवायला जातात. ही पोरं पहाटे साडेपाचला मैदानावर हजर असायची. शेठना वाटायचं, काय खेळाची आवड आहे!

वहिनींनी पेन्सिल उचलली. अठरा खेळाडू, दीड वर्ष. वरच्या मजल्याचे सगळेच्या सगळे पैसे, आणि वर थोडे. म्हणजे रविवारी टीम जिंकली तर क्लब जबर तोट्यात, तोट्यात म्हणून क्लब विकायचा, आणि बोनस द्यायचा म्हणून मजलाही गेला. हरली तर क्लबही राहतो आणि मजलाही चढतो.

"अहो, मग यात विचार कसला करायचा?" वहिनी म्हणाल्या. "मास्तरांना सांगा, लंबूला बसवा."

मास्तर म्हणजे कोच, शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. लंबू म्हणजे पुढे खेळणारा उंच पोरगा. एरवी तो गॅसच्या टाक्या पोचवतो, आणि सीझनचे निम्मे गोल त्याचे.

शेठ डब्याचं झाकण लावू लागले.

"तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

"मीच सांगतो," शेठ म्हणाले. "माझी चूक, माझं तोंड."

रविवारी वहिनी तिकिटांचा रोल घेऊन मैदानावर पोचल्या तेव्हा खिडकीपुढे रांग होती. एरवी तिथे रांग लावायला माणसं पुरायची नाहीत. रांगेत सगळ्यात पुढे ट्रकवाले उभे. म्हणजे साठ गाड्यांचे एकटे मालक, आणि गाड्या उभ्या करायला जागा नाही म्हणून वर्षभर या मैदानावर डोळा ठेवून असलेले. वहिनींनीच त्यांना शब्द दिला होता, क्लब विकायची वेळ आली तर पहिलं तुम्हाला. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद अर्धा बाहेर काढून दाखवला.

"वहिनी, सगळं टाइप करून आणलंय. फक्त सही. आपण जिंकलो की झालं ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बोनसचं गावभर झालंय. खेळाडूच सांगतायत. मी आज घसा फोडून ओरडणार!"

खिडकी पाच मिनिटं, आज सुट्टी घेऊन आलेल्या नर्सबाईकडे सोपवून वहिनी कपडे बदलायच्या खोलीकडे गेल्या. ती खोली शेठनी पहिल्याच वर्षी आतून फरशीने मढवली होती, दुकानात उरलेल्या सुट्या पेट्यांनी. सात रंग, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. दार लोटलेलं होतं, कडी अजूनही नव्हती, आणि आतून शेठचा आवाज येत होता. वहिनी थांबल्या.

"एक गोष्ट सांगायचीय," शेठ म्हणत होते. "आज... आज मैदान मधल्या भागात जरा..." बाहेर वहिनींनी दाराला कान लावला.

"शेठ," आतून लंबू म्हणाला, "बाहेर लोक म्हणतायत, पैसे मिळणार नाहीत. शेठ हात वर करतील, म्हणतायत."

"कोण म्हणतंय?" शेठ ताडकन म्हणाले. "अरे, कागदावर सही माझी आहे ना? तुम्ही जिंका. पै न पै मिळेल. मला दुकानाच्या विटा विकायला लागल्या तरी मिळेल. आता उठा!"

काय गलका झाला! बाकं सरकली, बूट वाजले, कुणीतरी भिंतीवर हात आपटला. शेठ बाहेर आले तर समोर वहिनी.

"बोललात?"

"बोललो."

"ऐकलं मी," वहिनी म्हणाल्या. त्या संतापल्या होत्या. पण संतापाच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि त्याने त्या जास्तच चिडल्या. त्या तरातरा खिडकीवर परत गेल्या.

मॅच सुरू झाली तेव्हा रोल संपला होता. वहिनींनी दुकानाच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या बाजूला आकडे लिहून तिकिटं फाडली. शेवटचा माणूस आत गेल्यावर त्यांनी खिडकीला कुलूप घातलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा स्टँडवर येऊन बसल्या. जागा मिळाली ती ट्रकवाल्यांच्या शेजारी.

मैदानावर गंमत बघा. क्लबचा मालक दुसऱ्या टोकाला, गवत कापणाऱ्या माळीबुवांशेजारी उभा, चेहरा दात उपटून घ्यायला आल्यासारखा. मालकाची बायको मनात हरण्याचा जप करतेय. आणि मैदानावर ट्रक लावायला टपलेला माणूस, ज्याला ऑफसाइड म्हणजे काय हे माहीत नाही, तो क्लबच्या नावाने बोंबलतोय! "मार! अरे मार की! वहिनी, त्याने का नाही मारला?"

"तो गोलकीपर आहे," वहिनी म्हणाल्या.

पहिल्या हाफमध्ये पाहुण्यांनी एक गोल केला. ट्रकवाले डोकं धरून बसले. वहिनींना हायसं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर मोजून दहा सेकंद वाटलं. मग त्यांचं लक्ष खालच्या पायरीवर गेलं. निळ्या टोपीच्या आजोबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. एकतीस वर्षं हा माणूस सुटे पैसे मोजून आणत होता. वहिनींनी मान फिरवली.

दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नरवर लंबूने डोकं लावलं आणि बरोबरी झाली. ट्रकवाल्यांनी वहिनींना जवळजवळ मिठीच मारली. बरोबरी चालेल, वहिनींनी स्वतःला समजावलं. बरोबरीत नफा आहे. बरोबरीत मजला आहे. त्या घड्याळ बघू लागल्या. दहा मिनिटं. सहा. तीन.

आणि शेवटच्या मिनिटाला लंबूला गोलसमोर आडवा पाडला. रेफरीने शिट्टी फुंकली आणि पांढऱ्या ठिपक्याकडे हात केला. पेनल्टी.

अबोला धरलेल्या भावांपैकी धाकट्याने थोरल्याचा हात घट्ट पकडला होता, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. लंबूने चेंडू ठेवला. मागे सरला. वहिनींनी ठरवून ठेवलं होतं की आपण डोळे मिटायचे आणि चेंडू बाहेर जावा म्हणायचं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. लंबू धावला तशा त्या उठल्या, आणि घशातून आवाज फुटला तो असा, "घाल रे, बाळा!"

चेंडू आत. जाळी हलली. वहिनी उड्या मारत होत्या. साडीची पिन सुटली, चप्पल दोन पायऱ्या खाली गेली, आणि त्या नर्सबाईच्या गळ्यात पडून रडत होत्या. आपण रडतोय याची त्यांना लाज वाटली नाही. हे सगळं आपलं आहे, एवढंच वाटलं, आणि फार वाटलं.

मग त्यांना पलीकडे शेठ दिसले. शेठनी माळ्याला उचलून धरलं होतं, साठीच्या माळ्याला, आणि गोल गोल फिरवत होते. फिरता फिरता त्यांची नजर स्टँडवर आली आणि वहिनींवर थांबली. त्यांनी माळ्याला हळूच खाली ठेवलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं. अट आठवली त्यांना.

अर्ध्या तासाने तिकीटखिडकीच्या पत्र्याच्या खोलीत तिघं होती. बाहेर खेळाडूंनी मास्तरांना खांद्यावर घेतलं होतं आणि मास्तर "खाली ठेवा, पाठ धरेल" म्हणून ओरडत होते. ट्रकवाल्यांचा आवाज पार बसला होता. त्यांनी कागद उलगडून फळीवर ठेवला.

शेठनी खिशातून पेन काढलं. वाद नाही, विनवणी नाही. फक्त म्हणाले, "बोनस मी उद्याच वाटून टाकतो. मजल्याच्या पैशातून. मजल्याचं... तुझं पंधरा वर्षांचं मी घालवलं. माफ कर."

"तोंड पाडायचं नाही असं ठरलं होतं," वहिनी म्हणाल्या.

"नाही पाडत," शेठ म्हणाले. आणि त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

"क्लब विकायचा. अट म्हणजे अट."

"हो."

"तुम्ही कितीला घेतला होता?"

"माहीतच आहे तुला. एक नाणं."

वहिनींनी गल्ला उघडला, एक नाणं काढलं आणि कागदावर ठेवलं. "घ्या. मला विका."

शेठ नाण्याकडे बघत राहिले. मग त्यांच्यातला दुकानदार जागा झाला.

"हे नाही चालणार," ते म्हणाले. "हा क्लबचा गल्ला आहे. क्लबच्या पैशाने क्लब कसा विकत घेशील? तुझ्या पर्समधलं दे."

वहिनींनी नाणं गल्ल्यात परत टाकलं, पर्स उघडली, किल्ल्या, औषधाची पट्टी, मजल्याचा घडी पडून फाटत आलेला नकाशा बाजूला केला, आणि तळातून एक नाणं काढून शेठच्या तळहातावर ठेवलं.

"अहो, पण वहिनी," ट्रकवाले बसलेल्या घशाने म्हणाले, "तुम्ही मला शब्द दिला होता. पहिलं मला म्हणून. माझ्या गाड्या?"

वहिनींना ते लागलं. शब्द त्यांचाही होताच. "दिला होता, आणि आता मोडतेय," त्या म्हणाल्या. "तुमची मी गुन्हेगार आहे. पण पायरीवरून तुमच्याइतकं कुणी ओरडलं नाही आज. मैदानाच्या मागची पट्टी रिकामी पडून आहे. तिथे बारा गाड्या लागतील. रोजचं भाडं घेईन, बाजारभावाने. आणि तुमच्या नावाचा बोर्ड गोलच्या मागे. त्याचे वेगळे."

ट्रकवाल्यांनी कागदाची घडी घातली. जरा विचार केला. "वरच्या लीगमध्ये टीव्हीवर दिसतो का हो बोर्ड?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि दिसतो असं खोटं सांगून मी तो तुम्हाला विकणारही नाही."

ते गेल्यावर शेठ आखूड पायाच्या खुर्चीवर बसले. नाणं अजून मुठीत होतं. "वरच्या लीगला दिवे लागतात," ते म्हणाले. "आणखी खुर्च्या लागतात. यात पैसा नाही गं. तीन वर्षं करून बघितलं मी. खरंच नाही."

"मला माहीत आहे. बेरीज मीच करत होते ना?"

"मग तुझ्यासाठी काय अट? तीन वर्षं?"

वहिनींनी साडीला पिन लावली, पावतीपुस्तक उचललं आणि कोऱ्या पानावर अठरा नावं लिहायला घेतली. प्रत्येकापुढे पूर्ण पगार, महिन्याच्या महिन्याला.

"अट नाही," त्या म्हणाल्या. "आणि दुकानात गेल्यावर ते मोटारसायकलचं चित्र काढा आधी. पेटीमागे पूर्ण दलाली द्या त्या गवंड्यांना."